साक्षीदाराची साक्ष
(नभोवाणीवरील भाषण)

बीदरच्या पंचक्रोशीत राहणाऱ्या माणसाला विमानाचे फारसे अप्रूप उरलेले नाही. हवाई दलाचे शिक्षणकेंद्र आमच्या शेजारीच आहे. २००८ सालापासून तरुण वैमानिक तेथे हॉक जातीच्या विमानांवर शिकत आले आहेत, आणि आकाशात कसरती करणारे सूर्यकिरण पथकही १९९६ साली याच तळावर उभे राहिले. पुढे नोव्हेंबर २०१९ मध्ये कलबुर्गीचा विमानतळ सुरू झाला, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये बीदरहूनही प्रवासी विमान उडाले. असे असले तरी डोक्यावरून विमान गेले की वर्गातील मुलांच्या माना खिडकीकडे वळतातच, आणि फळ्याकडे पाठ करून मीही क्षणभर बाहेर पाहते, हे कबूल केले पाहिजे.

अशाच एका सकाळी वर्गातल्या एका मुलाने मला विचारले, "बाई, आपले डोके दुखले तर आपण सांगतो. इंजिनाचे दुखले तर ते कुणाला सांगते?" मी त्याला चटकन उत्तर दिले की, वैमानिकापुढे घड्याळांसारखे काटे असतात, ते त्याला सांगतात. मुलगा बसला नाही. "आणि काट्यांचेच दुखले तर?" असे त्याने पुढे विचारले. त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. मागाहून जे वाचले, विचारले आणि समजून घेतले, ते आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

हॉक विमानाला इंजिन एकच असते. अ‍ॅडूर हे त्याचे नाव. फ्रान्समधील एका नदीवरून ते ठेवले आहे. पुढून हवा आत घ्यावयाची, ती दाबावयाची, त्यात इंधन जाळावयाचे, आणि त्या तप्त वायूच्या लोटाने टर्बाइनची पाती फिरवून उरलेला लोट मागे सोडावयाचा, हा त्याचा व्यवहार. वैमानिक या इंजिनाच्या पुढे बसलेला असतो. त्याला ते दिसत नाही, हात लावून पाहता येत नाही. त्याच्या प्रकृतीविषयी वैमानिकाला जे कळते ते संवेदकांच्या तोंडून. एक संवेदक वायूची उष्णता सांगतो, एक दाब सांगतो, एक फेरे मोजतो, एक तेलाची खबर देतो, एक थरथर टिपतो. न्यायालयात बसलेल्या न्यायाधीशाने घटना पाहिलेली नसते. तो साक्षीदार ऐकतो आणि निर्णय देतो. वैमानिकाची स्थिती तशीच असते. फरक एवढाच की त्याला पुढची तारीख देता येत नाही.

या साक्षीदारांपैकी उष्णता सांगणाऱ्याची ओळख प्रथम करून घेऊ. त्याला तापयुग्म म्हणतात. कारखान्यातील माणसे त्याला थर्मोकपल म्हणतात. दोन निरनिराळ्या धातूंच्या तारा एका टोकाला जोडल्या आणि तो जोड तापविला, तर दुसऱ्या टोकांशी विजेचा अगदी अल्प दाब उत्पन्न होतो. १८२१ साली झेबेक या शास्त्रज्ञाने हा चमत्कार प्रथम पाहिला. इंजिनात निकेलच्या दोन मिश्रधातूंच्या तारा वापरतात. दर अंशाला मिळणारा दाब व्होल्टच्या सुमारे ४१ दशलक्षांश. म्हणजे वायू ६०० अंशांपर्यंत तापला तरी हाती येतात ते सुमारे २५ मिलिव्होल्ट, आपल्या टॉर्चमधील सेलच्या दाबाचा साठावा हिस्सा. एवढ्याशा कुजबुजीवर लाखमोलाच्या इंजिनाचा आणि अमोल जिवाचा निर्णय अवलंबून असतो. जोडावर थोडा ओलावा आला, तारेला थोडा गंज चढला आणि एक मिलिव्होल्ट इकडचा तिकडे झाला, तर काटा सुमारे २५ अंशांनी खोटे बोलू लागतो.

पंचवीस अंशांनी काय बिघडते, असे कोणी विचारील. टर्बाइनची पाती आपल्या धातूच्या सहनशक्तीच्या काठावर काम करीत असतात. प्रचंड वेगाने फिरताना आणि तापलेली असताना धातू कणाकणाने ताणत जातो, आणि थोडीशी जादा उष्णताही त्याचे आयुष्य झपाट्याने खाते. काटा कमी दाखवू लागला तर इंजिन आतून भाजत राहते आणि वर सर्व आलबेल दिसते. उलट, काटा जास्त दाखवू लागला तर निरोगी इंजिनाला रोगी ठरवून विमान खाली उतरवावे लागते, इंजिन खोलावे लागते, आणि शिकाऊ पोराच्या मनात आपल्या यंत्राविषयी जी शंका बसते ती वेगळीच. खोट्या साक्षीने अपराधी सुटतो आणि निरपराधी अडकतो, असे दोन्ही अनर्थ होतात.

म्हणून साक्षीदाराची साक्ष मानण्यापूर्वी साक्षीदाराला तपासावे लागते. या तपासणीला अंशशोधन म्हणतात. ज्याचे मोल पक्के ठाऊक आहे अशा वस्तूपुढे उपकरण धरावयाचे, ते काय सांगते ते टिपावयाचे, आणि खरे व सांगितलेले यांतील अंतर लिहून ठेवावयाचे, एवढाच त्याचा अर्थ. आपल्या बाजारात हे शास्त्र फार जुने आहे. जाणता गिऱ्हाईक माल घालण्यापूर्वी रिकाम्या तराजूचा काटा पाहतो. पासंग असेल तर तेथेच कळतो. इंजिनाचेही तसेच. रात्रभर थंड पडलेल्या इंजिनातील उष्णतेचा काटा बाहेरच्या हवेइतकेच अंश दाखवील, फेऱ्यांचा आणि तेलाच्या दाबाचा काटा शून्यावर असेल. तसे नसेल तर पासंग आहे. संशय वाढला तर आपण पारडी अदलाबदल करून तोलतो. दोन इंजिनांच्या विमानावरील कारागीरही डाव्या आणि उजव्या इंजिनाची दर्शके आपसांत बदलून पाहतो. दोष दर्शकाबरोबर पलीकडे गेला तर दर्शक खोटे. दोष मूळच्याच इंजिनाशी राहिला तर तार, संवेदक किंवा खुद्द इंजिन तपासावयाचे.

परंतु रिकाम्या तराजूने पुरे होत नाही. खरे वजनही लागते. दाबाचा संवेदक तपासताना ठराविक क्षेत्रफळाच्या दट्ट्यावर मोजकी वजने ठेवून दाब निर्माण करतात. फेरे मोजणारा संवेदक म्हणजे दात्यांच्या चाकाशेजारी बसविलेले लोहचुंबकाचे वेटोळे. प्रत्येक दाता पुढून गेला की विजेचा एक ठोका पडतो. मोजलेल्या संख्येचे ठोके बाहेरून देऊन त्याचे दर्शक तपासता येते. तापयुग्मे इंजिनावर बसलेली असतानाही तपासता येतात: प्रत्येकावर विजेची लहानशी शेगडी टोपीसारखी चढवितात, ती ठरलेल्या अंशांपर्यंत तापवितात आणि काटा पाहतात. एकेकट्याची अशी तपासणी आवश्यकच असते. कारण पुष्कळ इंजिनांत अनेक तापयुग्मे एकत्र जोडून त्यांची सरासरीच वैमानिकाला दाखविली जाते. त्यातले एखादे मेले तर बाकीच्यांच्या गर्दीत ते खपून जाते आणि काटा जेमतेम हालतो.

आता त्या शेगडीची उष्णता बरोबर आहे हे कोणी ठरविले? तिच्याहून थोर अशा दुसऱ्या तापमापकाने. आणि त्याला कोणी तपासले? अशी ही परंपरा वर चढत जाते आणि आपल्या देशात नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपाशी पोहोचते. तेथे शेवटचा शब्द माणसाचा नसतो, निसर्गाचा असतो. शुद्ध धातूचा रस गोठू लागला की पूर्ण गोठेपर्यंत त्याची उष्णता एका जागी खिळून राहते. जगभर मान्य झालेल्या मापाप्रमाणे शुद्ध जस्त ४१९.५२७ अंशांवर गोठते आणि शुद्ध चांदी ९६१.७८ अंशांवर. दिल्लीत, लंडनमध्ये किंवा तोक्योत, कोणी विचारले तरी जस्त आणि चांदी हेच उत्तर देतात.

हे वाचले तेव्हा मी हातातले पुस्तक क्षणभर मिटले. जस्त आणि चांदी ही तर आमच्या बीदरची जोडी! जस्तात थोडे तांबे घालून ओतलेले भांडे, त्यावर कोरलेल्या रेषांत ठोकून बसविलेली चांदी, आणि किल्ल्यातील माती व नवसागर यांच्या उकळत्या पाण्यात बुडवून आणलेला तो गडद काळा रंग: बीदरी काम ते हेच. ती माती बरोबर आहे की नाही, हे जुने कारागीर जिभेवर ठेवून पाहतात असे सांगतात. जी जीभ माती पारखते तिला किती वर्षांचे शिक्षण लागले असेल! जुन्या शहराच्या गल्लीतील तो कारागीर आणि विमानतळावरील तो तंत्रज्ञ कदाचित एकमेकांना ओळखतही नसतील. पण दोघांचाही विश्वास शेवटी त्याच दोन धातूंवर उभा आहे.

अंशशोधन ठराविक मुदतीने होते. पण मुदतीच्या मध्येच साक्षीदार फिरला तर? यासाठी रोजची प्रकृती पाहावी लागते. संवेदकाचे आजार साधारण चार. तार तुटली की तो अशक्य आकडा सांगतो. हा आजार लगेच ओळखू येतो. जोड सैल झाला की आकडे नाचू लागतात. एका निमिषात तीनशे अंश चढणे कोणत्याही इंजिनाला शक्य नसते, त्यावरून तोही पकडता येतो. तिसरा आजार हळूहळू सरकण्याचा. महिन्यामागून महिने काटा एकाच बाजूला ढळत जातो. आणि चौथा, सर्वांत घातक, गोठून बसण्याचा. असा काटा शांत असतो, स्थिर असतो, अगदी गुणी मुलासारखा दिसतो. फक्त आत काय चालले आहे याचा त्याला पत्ता नसतो.

सरकणारा काटा पकडण्यासाठी वाचने रोज लिहून ठेवतात आणि एकमेकांशी ताडून पाहतात. बीदर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंच. मे महिन्यात येथे पारा चाळिशी गाठतो, डिसेंबरच्या पहाटे बोचरी थंडी असते. म्हणून आकडे जसेच्या तसे ताडून चालत नाही. १५ अंश उष्णता आणि १०१३.२५ मिलिबार दाब या प्रमाण हवेत तेच वाचन किती आले असते, याचा हिशेब करावा लागतो. शिवाय इंजिनातील गोष्टी एकमेकींशी बांधलेल्या असतात. इंधन वाढले तर उष्णता वाढते, फेरे वाढतात, दाब वाढतो. उष्णतेचा काटा एकटाच वर गेला आणि इंधन, फेरे, दाब जागच्या जागी राहिले, तर आधी संवेदकाकडे संशयाने पाहावे. चारही जण मिळून तक्रार करू लागले तर इंजिनाकडे धावावे. आधुनिक इंजिनांचे गणकयंत्र हीच उलटतपासणी दर क्षणी करीत असते.

उलटतपासणी न केल्याचे फळ काय, हे दोन अपघातांनी जगाला शिकविले. १३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टनमध्ये बर्फ पडत असताना एअर फ्लोरिडाचे बोईंग ७३७ उड्डाणाला निघाले. इंजिनाचा जोर किती आहे हे, मागचा दाब आणि पुढचा दाब यांच्या गुणोत्तरावरून कळे. पुढचा दाब घेणाऱ्या नळीचे तोंड बर्फाने बुजले होते आणि ते वितळविण्याची योजना चालू केलेली नव्हती. काटे २.०४ दाखवीत होते. प्रत्यक्षात जोर १.७० इतकाच होता. दोन इंजिनांचे दोन काटे एकमेकांशी तंतोतंत जुळत होते, कारण दोघांनाही एकाच बर्फाने पढविले होते. फेरे, इंधन आणि उष्णता यांचे काटे मात्र खरे सांगत होते. सहवैमानिकाला काहीतरी चुकते आहे असे वाटले, त्याने ते बोलूनही दाखविले. पण धाव थांबली नाही. विमान पुलावर आदळून पोटोमॅक नदीत पडले आणि पुलावरील चौघांसह ७८ माणसे गेली. एकाच गुरूने पढविलेले दोन साक्षीदार म्हणजे दोन साक्षी नव्हेत, हा त्यातला धडा.

दुसरा अपघात आपल्या मुंबईचा. १ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचे 'सम्राट अशोक' हे बोईंग ७४७ सांताक्रूझहून उडाले आणि दोन मिनिटे पुरी होण्याच्या आतच वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळले. २१३ माणसे बुडाली. तेथे दगा देणारे उपकरण इंजिनाचे नव्हते, विमानाचा कल दाखविणारे होते. कप्तानापुढील दर्शक विमान उजवीकडे कलल्याचे दाखवीत राहिले, म्हणून तो डावीकडे वळवीत गेला. खाली काळोखा समुद्र, क्षितिजाची रेषा नाही. शेजारच्या आणि मधल्या दर्शकांवर खरी स्थिती दिसत होती, फ्लाइट इंजिनिअरने तिकडे लक्षही वेधले. पण पडताळून पाहण्याइतके क्षण हाती उरले नव्हते.

श्रोतेहो, बीदरमध्ये राहणाऱ्याला अशा वेळी महमूद गावान आठवल्यावाचून राहत नाही. १४७२ साली त्याने बांधून पुरा केलेला मदरसा एका मिनारासह आजही उभा आहे. माझ्यासारख्या शिक्षकाने तेथे दोन घटका थांबावे अशी ती जागा. या वृद्ध वजिराच्या शत्रूंनी त्याच्या शिक्क्याचा एक बनावट कागद तयार केला आणि बहामनी सुलतानापुढे ठेवला. शिक्का आपलाच आहे, पण मजकूर आपला नाही, असे गावानने सांगितल्याचे इतिहासकार लिहितात. सुलतानाने शिक्का पाहिला, मजकूर पडताळला नाही. एप्रिल १४८१ मध्ये गावानचा शिरच्छेद झाला. सत्य कळल्यावर सुलतान हळहळला, पण वर्षभरात तोही गेला आणि राज्य पुढे मोडतच गेले. उपकरणावरही तपासणीचा शिक्का असतो, त्यावर तारीख असते. पण शिक्का पडल्यानंतर ते उपकरण हातातून पडले असेल, भाजले असेल, भिजले असेल. शिक्का खरा आणि मजकूर खोटा, असे यंत्रांच्या बाबतीतही घडते.

आता शेवटी माझ्याच एका चुकीची गोष्ट सांगते. पुष्कळ वर्षांपूर्वी एका शाळेत मी मुलांकडून तापमापक तपासून घेत होते. वितळत्या बर्फात पारा बरोबर शून्यावर आला. मग पाणी उकळविले. पुस्तकात लिहिले होते १००. पारा ९८ च्याही किंचित खाली थांबला. मी म्हटले, तापमापक खराब आहे. मुलांनी मुकाट्याने वह्यांत १०० लिहिले. एका मुलाने मात्र ९७.५ लिहिले होते. मी त्यावर तांबडी फुली मारली.

पुढे सुट्टीत एक जुने पुस्तक चाळताना मला उमगले की, हवेचा दाब कमी असला की पाणी लवकर उकळते, आणि आमच्या उंचीवर ते ९७.७ अंशांच्या आसपासच उकळावयाचे. तापमापक खरा होता. पाणी खरे होते. तो मुलगाही खरा होता. चुकला होता तो तपासणारा. कारण आपण कोठे उभे आहोत हे त्याने ध्यानात घेतले नव्हते. आणि १०० लिहिणाऱ्या चाळीस मुलांना मी त्या दिवशी नकळत खोटी साक्ष शिकविली होती. शाळा उघडल्यावर मी त्या मुलाची वही मागून घेतली, सर्वांसमक्ष ती फुली खोडली, आणि चूक कोणाची होती ते वर्गाला सांगितले. त्यानंतर माझ्या वर्गात एक नियम झाला: काटा जे दाखवील तेच लिहावयाचे, पुस्तकाशी जुळले नाही तर का जुळले नाही ते शोधावयाचे.

विमानाखाली उभ्या असलेल्या तंत्रज्ञाची नोंदवही म्हणजे तरी दुसरे काय? पहाटे विजेरीच्या उजेडात तो काट्याचा आकडा वाचतो आणि लिहितो. काल ५९०, परवा ५८८, आज ६०४. विमान सोडावयाची घाई आहे, वरिष्ठ वाट पाहत आहेत, ६०४ च्या जागी ५९२ लिहिले तर कोणी विचारणार नाही. तेथे तो ६०४ लिहितो, आणि विमान थांबवितो. त्या एका प्रामाणिक आकड्यावर दिल्लीच्या प्रयोगशाळेतील गोठणाऱ्या चांदीपासून निघालेली सारी परंपरा येऊन टेकलेली असते. तो आकडा बदलला तर वरचे सर्व शोधन फुकट गेले.

खोटी साक्ष देऊ नये, असे लहानपणी आम्हांला शिकविले. मोठेपणी कळले की, न तपासलेली साक्ष मानू नये, ही आज्ञाही तेवढ्याच तोलाची आहे. त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मी आज असे देईन: इंजिनाचे दुखले तर ते काट्यांना सांगते, काट्यांचे दुखले तर ते दुसऱ्या काट्यांना सांगतात, आणि सर्वांचे शेवटी ऐकून घेण्यासाठी एक खरे लिहिणारा माणूस लागतो. तो माणूस आज कोठे तरी भालकीच्या, औरादच्या किंवा आळंदच्या शाळेत प्रयोगवही उघडून बसला असेल. त्याच्या वहीवर फुली मारण्यापूर्वी आपण दोनदा विचार करावा, एवढी विनंती करून आपला निरोप घेते.